शेव्हरोले स्मॉल-ब्लॉक इंजिनाचे उत्पादनवर्ष ओळखणे

शेव्हरोले स्मॉल-ब्लॉक इंजिनाचे उत्पादनवर्ष ओळखणे म्हणजे जुन्या किंवा गाडीतून सुट्या काढलेल्या शेव्हरोले व्ही-८ इंजिनावरील ओतीव क्रमांक, ओतकामाचा दिनांक, ठसवलेली अक्षरे व अंक आणि इंजिनाची रचना यांवरून ते कोणत्या वर्षी तयार झाले आणि कोणत्या प्रतिरूप-वर्षाच्या गाडीसाठी होते, हे ठरविण्याची पद्धत होय. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने हे इंजिन १९५५ च्या प्रतिरूपांपासून वापरात आणले. पुढील सुमारे पाच दशके त्याची मूळ मांडणी जवळजवळ तीच राहिली. दोन लगतच्या सिलिंडरांच्या मध्यबिंदूंमधील ४.४ इंच (१११.८ मिमी) हे अंतर या संपूर्ण काळात बदलले नाही. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांची इंजिने बाहेरून एकसारखी दिसतात आणि त्यांचे अनेक भाग परस्परांना बसतात. इंजिन स्वस्त व लोकप्रिय होण्यास ही अदलाबदल कारणीभूत ठरली, आणि त्याचे वर्ष ओळखणे अवघड होण्याचे कारणही तीच आहे.

महत्त्व

इंजिनाचे वर्ष निश्चित करण्याची गरज प्रामुख्याने तीन कारणांनी भासते.

पहिले कारण सुट्या भागांच्या निवडीचे आहे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन इंजिनांमध्ये क्रँकशाफ्टच्या बेअरिंगचा व्यास, मागील ऑइल सीलचा प्रकार किंवा फ्लायव्हीलचा तोल वेगळा असू शकतो. चुकीचे फ्लायव्हील बसविल्यास इंजिन थरथरते आणि कालांतराने बेअरिंग निकामी होतात.

दुसरे कारण कायद्याचे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात गाडीचे इंजिन बदलायचे असल्यास नवे बसवलेले इंजिन गाडीच्याच प्रतिरूप-वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे लागते आणि त्या इंजिनासोबतची प्रदूषण-नियंत्रण साधनेही बसवावी लागतात. १९७५ व त्यापूर्वीच्या प्रतिरूपांच्या गाड्यांना तेथील धूर-तपासणीतून सूट आहे. त्यामुळे १९७६ नंतरच्या गाडीत जुने इंजिन बसविल्यास गाडी तपासणीत अपात्र ठरू शकते.

तिसरे कारण मूल्याचे आहे. कॉर्व्हेट, कॅमारो यांसारख्या जुन्या गाड्यांच्या संग्राहकांमध्ये कारखान्यातून निघताना बसवलेले मूळ इंजिन अजून गाडीत असेल, तर तिला ‘क्रमांक जुळणारी’ गाडी म्हणतात. तिची किंमत इंजिन बदललेल्या तशाच गाडीपेक्षा बरीच अधिक असते. या फरकामुळे बनावट ठसे मारण्याचे प्रकार घडतात आणि वर्ष ओळखण्याचे ज्ञान खरेदीदाराच्या दृष्टीने आवश्यक ठरते.

उत्पादन-दिनांक आणि प्रतिरूप-वर्ष

प्रतिरूप-वर्ष हे दिनदर्शिकेतील वर्षाशी जुळतेच असे नाही. अमेरिकी कारखान्यांत नव्या प्रतिरूपाचे उत्पादन सामान्यतः आधीच्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होत असे. त्यामुळे नोव्हेंबर १९७१ मध्ये ओतलेला ब्लॉक सहसा १९७२ च्या गाडीत आढळतो. इंजिनावर दिसणारा दिनांक हा त्या भागाच्या ओतकामाचा किंवा जुळणीचा दिनांक असतो. प्रतिरूप-वर्ष त्यावरून अनुमानाने काढावे लागते.

ओळख-चिन्हांच्या जागा

इंजिनाची डावी व उजवी बाजू चालकाच्या आसनावरून पुढे पाहताना जी दिसते त्यानुसार धरली जाते. ब्लॉकवर तपासण्याच्या मुख्य जागा तीन आहेत :

१. ओतीव क्रमांक : ब्लॉकच्या मागील टोकाला, गिअरपेटी जोडली जाते त्या कडेवर, डाव्या बाजूस. हा क्रमांक साच्यातच असल्याने उठावदार दिसतो.
२. ओतकामाचा दिनांक : बहुतेक ब्लॉकवर त्याच कडेवर उजव्या बाजूस. हाही उठावदार असतो.
३. ठसवलेला क्रमांक : ब्लॉकच्या पुढच्या टोकाला, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे असलेल्या सपाट पट्टीवर. हा क्रमांक यंत्रकाम झाल्यानंतर ठोकलेला असल्याने खोलगट असतो.

इंजिन गाडीत असताना पहिल्या दोन जागा सिलिंडर हेडच्या मागे, गाडीच्या आगपडद्याजवळ झाकलेल्या असतात. त्या वाचण्यासाठी तेल व काजळी तारेच्या ब्रशने साफ करावी लागते आणि आरसा व विजेरीची मदत घ्यावी लागते. पुढील पट्टी बहुधा पट्ट्यांवर चालणाऱ्या उपकरणांच्या आड असते.

ओतीव क्रमांक

ओतीव क्रमांकावरून ब्लॉक कोणत्या साच्याच्या रचनेचा आहे हे कळते. एकच क्रमांक अनेक वर्षे आणि कधीकधी एकाहून अधिक क्षमतांच्या इंजिनांसाठी वापरला गेला. ३९७००१० हा याचा सर्वपरिचित नमुना होय. हा क्रमांक १९६९ च्या प्रतिरूपांपासून १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत प्रामुख्याने ३५० घन इंचांच्या इंजिनांवर आढळतो. १९६९ मधील काही ३०२ घन इंचांची इंजिनेही याच ब्लॉकवर बांधली गेली. म्हणून केवळ ओतीव क्रमांकावरून वर्ष सांगता येत नाही, मात्र शक्य असलेल्या वर्षांची मर्यादा निश्चित होते. या क्रमांकाच्या अंकांमध्ये वर्ष सांकेतिक स्वरूपात दडलेले नसते; क्रमांकाचा अर्थ सूची पाहूनच लावावा लागतो.

सिलिंडर हेड, इनटेक मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यावरही स्वतंत्र ओतीव क्रमांक व दिनांक असतात. हेडवरील क्रमांक व्हॉल्व्हचे झाकण काढल्यावर दिसतो. हे भाग सहज बदलले जात असल्याने त्यांच्यावरील दिनांक ब्लॉकच्या वर्षाचा पुरावा मानला जात नाही.

ओतकामाचा दिनांक

दिनांकाच्या संकेतात एक अक्षर व त्यापुढे दोन किंवा तीन अंक असतात. अक्षर महिना दर्शविते : ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणे एल म्हणजे डिसेंबर. त्यानंतर दिवस आणि शेवटी वर्षाचा अखेरचा अंक येतो. ‘सी १३ २’ म्हणजे १३ मार्च, आणि वर्ष २ या अंकाने संपणारे. काही ब्लॉकवर वर्षाचे दोन अंक आढळतात. तेथे संदिग्धता राहत नाही.

वर्षाचा एकच अंक दिलेला असल्याने ‘२’ चा अर्थ १९६२, १९७२ किंवा १९८२ असा होऊ शकतो. नेमके दशक ओतीव क्रमांकावरून ठरते. ब्लॉक ३९७००१० असेल तर तो १९६२ मध्ये अस्तित्वात नव्हता आणि १९८२ पर्यंत वापरातून गेला होता; म्हणून १९७२ हेच वर्ष उरते. मात्र त्याच ब्लॉकवर अखेरचा अंक ९ असल्यास १९६९ आणि १९७९ ही दोन्ही वर्षे शक्य असतात. अशा वेळी पुढील पट्टीवरील ठसा निर्णायक ठरतो.

ठसवलेला क्रमांक

जुळणीचा संकेत : १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील पट्टीवर कारखान्याचे अक्षर, महिना व दिवस दाखवणारे चार अंक आणि त्यानंतर प्रत्यय ठसवलेला असतो. ‘व्ही’ हे अक्षर मिशिगन राज्यातील फ्लिंटच्या कारखान्यासाठी (आधीच्या काळात तेथेच ‘एफ’ वापरले जाई), ‘टी’ न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडासाठी आणि ‘के’ कॅनडातील सेंट कॅथरिन्ससाठी आहे. ‘व्ही११२४’ म्हणजे फ्लिंट येथे २४ नोव्हेंबर रोजी जुळणी झालेले इंजिन. या संकेतात वर्ष नसते, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते.

प्रत्यय : १९६९ पर्यंत दोन अक्षरी व १९७० पासून तीन अक्षरी असलेला हा प्रत्यय इंजिनाची क्षमता, अश्वशक्ती, गिअरपेटीचा प्रकार आणि ते ज्या गाडीसाठी बांधले ती गाडी दर्शवितो. तीन अक्षरी प्रत्ययांपैकी मोटारींच्या इंजिनांचे प्रत्यय सामान्यतः ‘सी’ने, तर मालवाहू गाड्यांच्या इंजिनांचे ‘टी’ने सुरू होतात. तेच प्रत्यय निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या इंजिनांना दिले गेल्याने वर्ष माहीत असल्याखेरीज प्रत्ययाचा अर्थ निश्चित होत नाही.

गाडीच्या क्रमांकाचा अंश : १९६८ पासून गाडीच्या ओळख क्रमांकाचा काही भागही इंजिनावर नियमितपणे ठसवला जाऊ लागला, कॉर्व्हेटवर ही पद्धत त्याआधीपासून होती. १९७० च्या दशकात या अंशातील पहिला अंक विभाग दाखवतो (१ म्हणजे शेव्हरोले), दुसरा प्रतिरूप-वर्षाचा अखेरचा अंक, त्यानंतरचे अक्षर गाडी जुळवणारा कारखाना आणि पुढील सहा अंक अनुक्रमांक दाखवतात. हा अंश सुस्थितीत असल्यास इंजिन नेमक्या कोणत्या गाडीत बसवले होते हे कळते.

बदली इंजिने : हमीच्या काळात किंवा विक्रेत्यामार्फत बदलून दिलेल्या काही इंजिनांवर ‘सीई’ ही अक्षरे व त्यापुढे वर्षाचा अंक आढळतो. अशी इंजिने कोणत्याही एका गाडीसाठी बांधलेली नसल्याने त्यांवर गाडीच्या क्रमांकाचा अंश नसतो.

सतरा वर्णांचा वाहन ओळख क्रमांक

अमेरिकेत १९८१ च्या प्रतिरूपांपासून सतरा वर्णांचा वाहन ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्यातील दहावा वर्ण प्रतिरूप-वर्ष दर्शवितो. १९८० साठी ए, १९८१ साठी बी अशी ही मालिका असून आय, ओ, क्यू, यू व झेड ही अक्षरे वगळलेली आहेत. त्यामुळे २००० साठी वाय येतो. २००१ ते २००९ साठी १ ते ९ हे अंक आणि २०१० पासून पुन्हा ए पासून अक्षरे वापरली जातात. जनरल मोटर्सच्या गाड्यांत आठवा वर्ण इंजिनाचा प्रकार सांगतो. गाडी उपलब्ध असल्यास तिच्यात मूळ कोणते इंजिन होते याची पडताळणी यावरून करता येते. मात्र हा क्रमांक गाडीचा असतो. सध्या गाडीत असलेले इंजिन मूळचेच आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही.

क्षमतेवरून अनुमान

इंजिनाची क्षमता कळल्यास वर्षांची व्याप्ती कमी होते. प्रमुख क्षमता आणि त्या वापरात असलेली प्रतिरूप-वर्षे पुढीलप्रमाणे आहेत :

• २६५ घन इंच (४.३ लिटर) : १९५५–५७
• २८३ घन इंच (४.६ लिटर) : १९५७–६७
• ३२७ घन इंच (५.४ लिटर) : १९६२–६९
• ३०२ घन इंच : १९६७–६९
• ३५० घन इंच (५.७ लिटर) : १९६७ पासून
• ३०७ घन इंच : १९६८–७३
• ४०० घन इंच (६.६ लिटर) : १९७०–८०
• २६२ घन इंच : १९७५–७६
• ३०५ घन इंच (५.० लिटर) : १९७६ पासून
• २६७ घन इंच : १९७९–८२

केवळ सिलिंडरचा व्यास मोजून क्षमता ठरत नाही. ३०२, ३२७ आणि ३५० या तिन्ही इंजिनांचा व्यास ४.०० इंच (१०१.६ मिमी) आहे, फरक पिस्टनच्या धावेत आहे. ती अनुक्रमे ३.००, ३.२५ आणि ३.४८ इंच असते. शिवाय दुरुस्तीच्या वेळी सिलिंडर घासून मोठे केलेले असू शकतात. ३५० च्या इंजिनाचा व्यास ०.०३० इंचाने वाढवल्यास त्याची क्षमता सुमारे ३५५ घन इंच होते. अशी मोजमापे मूळ क्षमतेशी ताडूनच वाचावी लागतात.

रचनेतील बदल

ठसे पुसट झाले असल्यास किंवा वाचता येत नसल्यास पुढील बदलांवरून काळाचा अंदाज बांधता येतो.

• १९५५ च्या ब्लॉकमध्ये तेलाच्या गाळणीसाठी जागा नव्हती. ती १९५६ पासून देण्यात आली.
• इंजिन गाडीच्या सांगाड्याला पुढून टेकवण्याऐवजी दोन्ही बाजूंनी टेकवण्यासाठी ब्लॉकच्या बाजूंवर उंचवटे १९५८ पासून आले.
• क्रँककेसमधील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीसाठी ब्लॉकच्या मागील भागातील छिद्र १९६७ पर्यंतच्या ब्लॉकवर आढळते.
• क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगचा व्यास १९६८ पासून २.३० इंचांवरून २.४५ इंच झाला. ३५० घन इंचांच्या इंजिनात तो १९६७ पासूनच मोठा होता. ४०० घन इंचांच्या इंजिनात तो २.६५ इंच आहे.
• सिलिंडर हेडच्या टोकांवर उपकरणे बसवण्यासाठी आटे असलेली छिद्रे साधारणपणे १९६९ पासून दिसतात.
• तेल मोजण्याची पट्टी १९७९ पर्यंत डाव्या बाजूस होती. १९८० पासून ती उजवीकडे आली.
• मागील ऑइल सील १९८६ पासून दोन तुकड्यांऐवजी एकसंध झाले. त्यासोबत क्रँकशाफ्टच्या मागील चकतीची रचना बदलली. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे फ्लायव्हील परस्परांना बसत नाही.
• व्हॉल्व्हची झाकणे कडेच्या चार बोल्टऐवजी मध्यरेषेवरील बोल्टने बसवण्याची पद्धत १९८७ च्या सुमारास रूढ झाली. त्याच सुमारास ओतीव लोखंडी हेडवर इनटेक मॅनिफोल्डच्या मधल्या बोल्टचा कोनही बदलला.
• १९९६ मध्ये आलेल्या व्होर्टेक हेडवर इनटेक मॅनिफोल्ड आठ बोल्टने बसते.

यांपैकी झाकणे, हेड आणि मॅनिफोल्ड हे भाग बदलण्याजोगे असल्याने त्यांवरून काढलेला निष्कर्ष दुय्यम मानतात. ब्लॉकमध्येच असलेली वैशिष्ट्ये अधिक विश्वसनीय असतात, परंतु त्यांनाही अपवाद आहेत. जुन्या गाड्यांत बसवण्यासाठी विकलेली ३५० घन इंचांची बदली इंजिने १९८६ नंतरही दोन तुकड्यांच्या सीलसह बनत राहिली. त्यांपैकी अनेक ब्लॉक मेक्सिकोत तयार झाले आणि त्यांवर ‘एचो एन मेहिको’ म्हणजे ‘मेक्सिकोत बनवलेले’ असे स्पॅनिश शब्द ओतलेले असतात. अशा ब्लॉकला केवळ सीलच्या प्रकारावरून १९८५ किंवा त्यापूर्वीचे ठरवणे चूक होते.

पुरावे एकत्र वाचणे

कोणतेही एक चिन्ह पुरेसे नसते. वर्ष ठरते ते चिन्हांच्या मेळातून. नमुन्यादाखल, एका ब्लॉकवर ३९७००१० हा ओतीव क्रमांक, ‘के १८ १’ हा दिनांक, पुढील पट्टीवर ‘व्ही११२४’ व ‘सी’ने सुरू होणारा तीन अक्षरी प्रत्यय आणि ‘१२एन’ने सुरू होणारा गाडीच्या क्रमांकाचा अंश आहे, असे मानू. ‘के’ म्हणजे नोव्हेंबर. ‘१’ वरून १९६१, १९७१ व १९८१ ही वर्षे संभवतात. ओतीव क्रमांकामुळे १९६१ आणि १९८१ बाद होतात. म्हणजे ब्लॉक १८ नोव्हेंबर १९७१ रोजी ओतला गेला आणि सहा दिवसांनी फ्लिंट येथे इंजिनाची जुळणी झाली. तीन अक्षरी प्रत्यय १९७० नंतरच्या काळाशी सुसंगत आहे. गाडीच्या अंशातील ‘२’ हा १९७२ चे प्रतिरूप दाखवतो आणि ‘एन’ हा ओहायो राज्यातील नॉरवुडचा कारखाना. निष्कर्ष असा की, इंजिन १९७१ मध्ये तयार झाले असले तरी ते १९७२ च्या गाडीचे आहे.

या साखळीत दिनांकांचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी ओतकाम, मग जुळणी आणि शेवटी गाडीची बांधणी हाच क्रम शक्य आहे. ओतकामाचा दिनांक जुळणीच्या दिनांकानंतरचा असल्यास किंवा इंजिनाची जुळणी गाडी तयार झाल्यानंतरची असल्यास ते इंजिन त्या गाडीचे मूळ इंजिन असू शकत नाही.

बनावट ठसे

इंजिनाची दुरुस्ती करताना हेड बसते तो ब्लॉकचा पृष्ठभाग सपाट करण्यासाठी घासला जातो. पुढील पट्टी त्याच पातळीत असल्याने या कामात मूळ ठसे नाहीसे होऊ शकतात. म्हणून रिकामी पट्टी हा फसवणुकीचा पुरावा नव्हे. परंतु अशा रिकाम्या पट्टीवर गाडीशी जुळणारा क्रमांक नव्याने ठोकता येतो. उठावदार ओतीव क्रमांक बदलणे त्या मानाने अवघड असते.

तपासणी करणारे जाणकार म्हणूनच पट्टीच्या पृष्ठभागाकडे लक्ष देतात. कारखान्यातील यंत्रकामाने पट्टीवर बारीक समांतर रेषा उमटतात. या रेषा नसणे, त्या ठशांवरून गेलेल्या दिसणे, अक्षरांचा आकार किंवा वळण त्या कारखान्याच्या ठशांपेक्षा वेगळे असणे, जुळणीचा संकेत आणि गाडीचा अंश एकाच हाताने ठोकल्यासारखे भासणे, या बाबी संशय निर्माण करतात. ब्लॉकच्या मागील ओतीव दिनांकाशी ठशांचा मेळ बसतो का, ही पडताळणी सर्वांत सोपी असून कोणताही खरेदीदार ती स्वतः करू शकतो.

भारतातील नोंदणीशी तुलना

भारतात वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर सांगाडा क्रमांकासोबत इंजिन क्रमांकाचीही नोंद असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही. त्यामुळे इंजिन बदलल्यास नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्राधिकरणाच्या अभिलेखात नोंदवून घ्यावा लागतो. अमेरिकी संग्राहकांसाठी जो प्रश्न मुख्यतः मूल्याचा व अस्सलपणाचा असतो, तो भारतातील वापरलेल्या गाडीच्या खरेदीदारासाठी प्रथमतः कागदपत्रांचा असतो. दोन्हीकडे पडताळणीचे तत्त्व एकच आहे : कागदावरील क्रमांक धातूवरील क्रमांकाशी प्रत्यक्ष ताडून पाहणे.